अर्धं आटवलेलं पाणी

पाणी तपासायला आणणारा प्रत्येक जण प्रयोगशाळेच्या खिडकीत एकच वाक्य बोलायचा, “साहब, सब देख लीजिए.” बत्तीस वर्षं मी त्या खिडकीच्या आतल्या बाजूला होतो आणि बत्तीस वर्षं या वाक्यानं माझं डोकं फिरायचं. सगळं कसं बघणार? प्रत्येक गोष्टीची चाचणी वेगळी. जंतू विचारले तर पाणी जंतूंचं सांगेल, क्षार विचारले तर क्षारांचं. जे विचारलं नाही ते पोटात ठेवून गप्प बसेल. म्हणून मी लोकांना आधी फॉर्म भरायला लावायचो, आणि वर दोन शब्द सुनावायचो.

तोच फॉर्म यंदा आषाढात सरोजिनीनं माझ्यापुढे ठेवला. पद्मजा, आमची मुलगी, पहिल्या बाळंतपणासाठी भोपाळहून यायची होती. आमचं घर तिलवाऱ्याच्या रस्त्याला. नळ अजून इथवर पोचलेला नाही, पाणी घरच्या विहिरीचं. मी निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती, तरी बाईसाहेब स्वतः ऑटोनं माझ्या जुन्या ऑफिसात जाऊन फॉर्म घेऊन आल्या.

“सगळं लिहा,” ती म्हणाली.

साऱ्या जबलपूरला मी दम दिला, पण घरात माझं कधी चाललं नाही. सगळं असं काही नसतं, हे मी तिला जमेल तितक्या गोडीनं सांगितलं. तेव्हा काय काय असतं ते तरी सांगा, म्हणाली. मी सांगितलं: जंतू, क्षार, लोह, फ्लोराइड. चार नावं घेतली आणि थांबलो.

पाचवं नाव मला येत नव्हतं असं नाही. ते मी अकरा वर्षं घरात तोंडातून काढलं नव्हतं.

पद्मजाच्या आधी आम्हाला एक मुलगा झाला होता. अच्युत. त्याला जाऊन बावीस वर्षं झाली. आम्ही दीक्षितपुऱ्यातलं भाड्याचं घर सोडून नुकतेच इथे आलो होतो. तिथे सार्वजनिक नळावर रोज भांडणं, इथे अंगणात स्वतःची विहीर. मला त्या विहिरीचा भारी अभिमान. पाणी निवळशंख, चव गोड. पलीकडे बळीरामचा म्हशींचा गोठा होता, पण तो कुंपणाच्या पलीकडे, म्हणून मी निर्धास्त. आल्याबरोबर मी स्वतः पाणी तपासलं. काय तपासलं? जंतू आणि क्षार. पावसाळ्यात थोडे जंतू निघाले, त्यात काही नवल नव्हतं.

सरोजिनीला दूध कमी होतं. बाळाला डब्याचं दूध सुरू केलं. माझ्या आईनं सांगितलं, पाण्यात सोन्याची अंगठी टाकून उकळा. मी हसलो आणि वर माझी शास्त्रीय सूचना जोडली: नुसतं उकळू नको, अर्धं आटव, एक जंतू राहता कामा नये. सरोजिनी पातेल्यात आधी पाण्याची खूण बघायची आणि स्टोव्हसमोर बसून राहायची. बरोबर निम्मं झालं की उतरवायची. माझ्या प्रयोगशाळेतही इतकं काटेकोर काम कोणी करत नसे.

अच्युत अडीच महिन्यांचा असताना गेला. आधी ओठ निळे पडले, मग नखं. डॉक्टरांनी सुई टोचली तेव्हा रक्त लाल नव्हतं, काढ्यासारखं तपकिरी होतं. ते मी पाहिलं. डॉक्टर म्हणाले, हृदयात जन्मापासून दोष असणार. आई म्हणाली, आईच्या अंगावरचं दूध मिळालं असतं तर पोर वाचलं असतं. ती हे सरोजिनीसमोर म्हणाली, आणि मी ऐकून घेतलं. पद्मजाच्या वेळी सरोजिनी या घरात थांबलीच नाही. वर्षभर नागपूरला माहेरी राहिली.

सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात मला प्रशिक्षणाला पाठवलं. तिथे एका दुपारी नायट्रेटवर व्याख्यान झालं. गोठ्याचं, उकिरड्याचं पाणी झिरपून उथळ विहिरीत जातं. पाणी दिसायला स्वच्छ, चवीला बरं. मोठ्यांना सहसा काही होत नाही. बाटलीच्या दुधावरचं तान्हं बाळ मात्र निळं पडतं, रक्त तपकिरी होतं. आणि उकळून काही उपयोग नाही. जंतू मरतात, पण पाणी आटतं तसं नायट्रेट दाट होत जातं. बाकीचे लिहून घेत होते. मी पेन खाली ठेवलं.

घरी आलो आणि कोणाला काही बोललो नाही. हजारो लोकांच्या विहिरींचं नायट्रेट मी तपासलं. आमच्या विहिरीची बाटली कधी नेली नाही. तपासलं नाही तोवर खात्री नाही, आणि खात्री नाही तोवर मी दोषी नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. भ्याडपणाला कारण हवंच असतं. मला म्हणीसुद्धा मिळाली.

आताही सुटका होती. पद्मजा आली की पलीकडच्या कॉलनीतून पाण्याचे कॅन आणायचे, विहिरीचा गाळ काढायचाय असं सांगायचं. मी मनात हे सगळं ठरवलंही होतं.

“जंतूंचं सगळ्यात वर लिहा,” सरोजिनी म्हणाली. “मोठ्या अक्षरांत.”

मी लिहिलं. ती माझ्या पेनाकडे बघत होती. मग खुर्ची ओढून समोर बसली.

“एक गोष्ट सांगायची राहिली आहे तुम्हाला. अच्युतच्या शेवटच्या दिवशी सकाळी स्टोव्हमधलं रॉकेल संपलं. तो भुकेनं रडून राहिला होता. मी पाणी आटवलंच नाही. नुसतं गरम केलं आणि दूध कालवून दिलं. संध्याकाळी तो गेला.” तिनं पदरानं तोंड पुसलं. “दरवर्षी नर्मदामैयापाशी जाऊन मी तेच बोलते. माफी मागते त्याची.”

दरवर्षी श्रावणात त्याच्या तिथीला मी तिला स्कूटरवर ग्वारीघाटावर नेत असे. ती पाण्यात उतरायची, पानाच्या दोन्यातला दिवा सोडायची आणि बराच वेळ ओठ हलवत उभी राहायची. मी वर पायरीवर तिच्या चपला सांभाळत चणे खात बसायचो. बाई मुलासाठी प्रार्थना करते आहे असं मला वाटायचं.

मूठ अजूनही झाकलेली होती. डॉक्टर हृदय म्हणालेच होते की, असं बोलून मी तिची समजूत घालू शकलो असतो. पण तिचा चेहरा बघवेना. मी फॉर्म बाजूला सारला आणि सगळं सांगितलं. गोठा, नायट्रेट, ते तपकिरी रक्त. आटवायला मीच सांगितलं होतं तेही.

“ती एक बाटली,” मी म्हणालो, “त्याला दिलेल्या सगळ्या बाटल्यांत बरी होती, सरोज.”

ती रडेल असं मला वाटलं होतं. ती रडली नाही.

“तुम्हाला कधी कळलं?”

“सत्त्याऐंशीत.”

बाहेर बळीरामच्या म्हशी चरायला निघाल्या, त्या सगळ्या फाटकावरून जाईपर्यंत ती बोटांवर वर्षं मोजत होती.

“म्हणजे त्यानंतर अकरा वेळा तुम्ही मला घाटावर घेऊन गेले,” ती म्हणाली. “काहून नाही सांगितलं?”

भीती वाटली, एवढंच मला म्हणता आलं. चूक झाली तेव्हा मला ठाऊक नव्हतं. त्याची क्षमा कदाचित असेलही. या अकरा वर्षांची कुठून आणू? तिनं माझ्या हातातलं पेन घेतलं, ते पाचवं नाव कसं लिहायचं ते विचारलं, आणि फॉर्मवर स्वतःच्या हातानं लिहिलं.

आठ दिवसांनी अहवाल आला. मर्यादा पंचेचाळीसची, आमच्या विहिरीत एकशे तीस. बावीस वर्षांपूर्वी किती होतं ते आता कोणी सांगू शकणार नाही. सरोजिनीनं तो कागद दोनदा वाचला आणि पिण्याच्या पाण्याचे कॅन त्याच दिवशी सुरू केले. पद्मजाला फोनवर फक्त आकडा सांगितला.

श्रावणात तिथी आली. मी स्कूटर काढावी की नाही, मला कळेना. ती नेहमीसारखी तयार होऊन फाटकाशी उभी होती. नर्मदेला पूर होता, पाणी वरच्या पायऱ्यांपर्यंत चढलं होतं. तिनं फुलवालीकडून दोना घेतला, वात लावली आणि माझ्या हातात दिला.

“या वर्षी तुम्ही उतरा,” ती म्हणाली. “तुमच्या चपला मी सांभाळते.”

मी चपला काढल्या. तिनं त्या उचलून आपल्याजवळ ठेवल्या आणि माझ्या नेहमीच्या पायरीवर बसली. मी घोटाभर पाण्यात जाऊन उभा राहिलो. आधी काय म्हणायचं ते मला सुचत नव्हतं, आणि दिवा हातातच जळत होता.