पाचवा सेट

"नाही देत," चंदाबाई म्हणाली आणि भाकर थापतच राहिली. "लिवून घ्या तुमच्या कागदावर. तांड्यावरची बाई नाही म्हनते."

जलाल ओसरीच्या कडेला टेकला. गाडीला बांधलेल्या खोक्यात चार वायरलेस सेट होते, सकाळपासून चार गावं फिरून गोळा केलेले. हा पाचवा. झरी जामणीच्या जंगलातला हा शेवटचा तांडा, याच्यापुढे नुसता साग. वायरलेसचा परवाना उद्या संपत होता. पाचही सेट उद्या मारेगावला संस्थेच्या दवाखान्यात जमा व्हायला पाहिजेत. एक जरी बाहेर राहिला तर तो बिनपरवान्याचा, आणि कागदावर सही जलालची.

"बाई, आता टावर आला ना. मोबाइल हाय तुमच्या घरात."

"हाय तं! सोनू, सांग वं जलालभाऊले, कुठी लागते थो."

सून हसू दाबत म्हणाली, "पान्याच्या टाकीवर चढलं का दोन कांड्या येते, भाऊ. वारा असला तं एकच."

"घ्या! पोरीले साप डसला तं आंधी टाकीवर चढू का?"

हेच जलाल संस्थेच्या साहेबाला बोलून आला होता. साहेबानं नकाशा दाखवला. नकाशात सगळं रान हिरव्या रंगानं भरलेलं, म्हणजे म्हणे सगळीकडे रेंज. नकाशा काढणारा कधी टाकीवर चढला होता का!

आठ वर्षं झाली होती सेट बसवून. कापूस पडेल भावात जायचा ती वर्षं. लोकांकडे खायची पंचाईत, टेप कोण दुरुस्त करणार? मारेगावच्या बसस्टँडमागं जलाल आपल्या दुकानात माश्या मारत बसायचा. तेवढ्यात संस्थेनं हे सेट आणले. फोन नाही, रस्ता नाही अशा गावांसाठी. बाळंतपण अडलं, साप डसला, तर दवाखान्याला कळावं एवढंच. शहरातून आलेली पोरं जोडून गेली आणि तिसऱ्या दिवशी सगळं बंद पडलं. जलालनं पेचकस घेतला, एक वायर उलटी लावलेली शोधली, आणि त्या दिवसापासून हे खातं त्याचंच झालं. पावसाळ्यात डोक्यावर बॅटरी घेऊन तो छातीभर पाण्यातून नाले ओलांडायचा.

रोज सकाळी सातला हजेरी. पोरांनी प्रत्येक गावाला नंबर दिला होता, तो कोणी कधी वापरला नाही. कोलामपोडावरचा, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरचा उकंडा आधी खाकरायचा, तीच त्याची हजेरी. चंदाबाई मात्र सुरुवात करायची ती रात्री कोंबडी कुठं अंडं घालून बसली इथून. चार गावं ऐकायची. कोणी मधेच विचारायचं, "भेटलं का मंग?" जलालच्या बायकोला, खैरुनबीला, हे सगळं ठाऊक. ती म्हणायची, "घरात माह्या दहा हाकेले ओ देत नाही. अन् दवाखान्यात त्या खोक्यातून कोनी शिंकलं तरी उठून बसते!"

खरं होतं ते. कोणाचा आवाज बसला, कोण रात्रभर झोपलं नाही, जलालला माणूस न पाहता कळायचं.

शिकवताना मात्र त्याचं डोकं फार फिरायचं. चंदाबाई दोन शब्द बोलायची आणि बटन सोडून द्यायची, अर्धं वाक्य हवेतच. शिकवण्याच्या तिसऱ्या दिवशी तो तिच्यावर ओरडला होता. "कायले सोडता? बोलून होईस्तोवर बटन सोडाचं नाही म्हंजे नाही! सोडलं का सारं तुटते!"

चंदाबाईनं ते मनात पक्कं धरलं.

मग ती दुपार. फवारणीचे दिवस, हवा सुद्धा चटका द्यायची. तिचा नवरा धनसिंग उघड्या अंगानं पंप पाठीवर घेऊन कापसाच्या पऱ्हाटीत फिरत होता, पंप गळत होता. घरी आला तो भिंत धरत.

"जलालभाऊ! आमच्या मानसाले फवारनीचं लागलं. तोंडातून लाळ जाऊन राह्यली, डोये फिरवून राह्यला..."

दवाखान्यातल्या सेटवर बसलेल्या जलालनं डॉक्टरीणबाईंना हाक मारली, त्यांनी तिथल्या तिथं जीप काढायला लावली. ड्रायव्हर जीवननं चपलाही घातल्या नाहीत. पण रस्ता दीड तासाचा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तिला आधी सांग, कपडे काढ, साबणानं सगळं अंग धू, कुशीवर झोपव. आत्ता सांग. औषध कातडीतून आत चाललंय."

"सांगू कसा, मॅडम? तिनं बटन सोडलंच नाही."

तिचं बोलून झालं नव्हतं. माणूस डोळे उघडेपर्यंत तिचं बोलून होणारच नव्हतं. ती आपल्या बंजाऱ्यांच्या गोरबोलीत नवऱ्याशी बोलत होती, शिव्या देत होती, याडीला म्हणजे आईला, सेवालाल महाराजांना हाका मारत होती, मधेच मराठीत "जलालभाऊ, आयकता ना?" म्हणत होती. आणि मुठीत माइक आवळलेला. जोवर तिचं बटन दाबलेलं, तोवर तिच्या कानावर जगातला एक शब्द जाणार नव्हता. जलाल आपल्या माइकमध्ये ओरडत राहिला. बटन सोडा, बाई, सोडा! त्याचंच शिकवणं त्याच्यासमोर भिंत होऊन उभं होतं. तिच्या माइकमधून धनसिंगचा श्वास ऐकू येत होता, करवतीसारखा. जलालनं आवाज कमी करायला हात नेला आणि तसाच मागं घेतला.

तेवीस मिनिटं. समोरच्या घड्याळातली त्यानं एकेक मोजली.

मग सेटमधून धापा टाकणारा दुसराच आवाज आला. "बाई! सोड! सोड थे बटन!"

उकंडा! त्यानं आपल्या सेटवर सगळं ऐकलं होतं. चॅनल अडलेला, त्यालाही बोलता येईना. म्हातारा माणूस, कोसभर वाट, मधे नाला, धावत आला होता.

खट्. सेट गप्प झाला. तेवढी चांगली शांतता जलालनं पुन्हा कधी ऐकली नाही.

धनसिंग वाचला. उजवा हात तेवढा तेव्हापासून थरथरत राहिला. उकंडा मागच्या वर्षी गेला, आज त्याच्या घरचा सेट त्याच्या नातवानं मुकाट्यानं काढून दिला होता.

"तुमी तवा म्हने सोडू नोका," चंदाबाई आता तव्यावर भाकर टाकत म्हणाली. "मंग म्हने सोडा. आता म्हनता देऊन द्या. तुमचं कोनतं खरं मानू?"

"मले कुठं समजते, बाई," जलाल म्हणाला. "मी बी तुमच्या जाग्यावर असतो तं नसतो देत."

आतून धनसिंग आला. पेचकस त्याच्या हातात होता. तो कोणाकडं न पाहता सेटसमोर उकिडवा बसला.

"काय करून राह्यले?" चंदाबाई ओरडली.

"जलालभाऊची सही हाय कागदावर," धनसिंग म्हणाला. "आपल्या घरातून त्याची सही खोटी नाही पडाची."

पेचकस स्क्रूवर टेकायचा आणि घसरायचा. टेकायचा, घसरायचा. जलालनं हात पुढं केला.

"ऱ्हाऊ द्या," चंदाबाई हळू आवाजात म्हणाली. "करू द्या त्याले."

दोन स्क्रू काढायला धनसिंगला भाकर करपेपर्यंत वेळ लागला. कोणी भाकर उलटली नाही. मग चंदाबाईनं सेट पदरानं पुसला, तारेचं वेटोळं केलं, आणि दोन्ही हातांनी जलालच्या हातात दिला, वर पाहिलंही नाही.

अँटेना काढायला अंगणातला बांबू आडवा करावा लागला. जलालनं वरची दांडी सोडवली, खोक्यात घातली.

"कागद वाचा," चंदाबाई म्हणाली.

त्यानं वाचला. सेट, माइक, बॅटरी, सोलरची पाटी, अँटेना, तार वीस मीटर.

"बांबू लिवला हाय का?"

"नाही."

"मंग उभा करून द्या."

तिघांनी मिळून तो बांबू पुन्हा उभा केला. वर काहीच नव्हतं. जलाल गाडीपर्यंत गेला, वळून पाहिलं, पश्चिमेकडची दोरी ढिली वाटली. तो परत आला. दगड शोधला, खुंटी ठोकली, दोरी ओढून दुहेरी गाठ मारली. बांबू दोनदा हलवून पाहिला.

हलला नाही. मग त्यानं हात झटकले आणि गाडीला किक मारली.