सात रोहू

चांगुणानं सात रोहू खारवायला घातले आणि तिसऱ्या दिवशी सकाळी गच्चीच्या दाराला कुलूप लागलं. ऐंशी सालचा एप्रिल होता. नाशिक रोडच्या त्या तीन मजली सोसायटीत गांगुर्ड्यांचं घर पहिल्या मजल्यावर, रस्त्याच्या बाजूला. नवरा धोंडीराम प्रेसमध्ये मशीनवर. सगळ्या इमारतीत बौद्धांचं घर तेवढं एकच.

मासे तिनं आईच्या पद्धतीनं केले होते. पाठीतून चिरून पुस्तकासारखे उघडायचे, आतून चिरा पाडून खडेमीठ आणि हळद चोळायची, घमेल्यात एकावर एक रचून वर पाटा ठेवायचा. दोन रात्रींत पाणी सुटतं. मग मात्र चार दिवस कडक ऊन हवं. नाही मिळालं तर मासे, मीठ, मेहनत सगळं उकिरड्यावर.

कुलपाशेजारी सेक्रेटरी कोठावद्यांची नोटीस डकवलेली होती : ‘गच्चीवर कोणतेही वाळवण घालू नये.’ आता गंमत बघा. वासाची कुरकुर गेल्या उन्हाळ्यापासून चालू होती, पण ‘मासे’ हा शब्द सोसायटीच्या कागदावर लिहायला यांचा हात विटाळला असता! म्हणून सरसकट वाळवणच बंद. तेही कुरडयांच्या ऐन दिवसांत. वरच्या मजल्यावर वत्सलाबाईंचा चीक शिजून तयार होता.

बायका कोठावद्यांवर तुटून पडायच्या, तर त्या आल्या चांगुणाच्या दारात.

“तुम्ही फक्त म्हणा, मासे घालणार नाही,” वत्सलाबाई म्हणाल्या. “लगेच उघडतील ते. तुमच्यापायी आमचं का अडावं?”

“माझ्यापायी? कुलूप मी लावलं का?”

“अहो, पण समजून घ्यायला काय जातं?”

आतून धोंडीराम म्हणाला, “जाऊ दे ना. वाटून टाकू मासे.”

चांगुणाला रडू आलं नाही, संताप आला. तिची आई भिमाबाई दारणेच्या काठी मासे वाळवायची ती वारा बघून. वारा गावाकडं वळला की धावत जाऊन मासे घरात घ्यायची, कुणी बोलायच्या आत. जन्मभर ती बाई वाऱ्याला भिऊन राहिली. आणि इथं आल्यापासून चांगुणाही गच्चीचा मागचा कोपरा धरून, वर फडकं टाकून तेच करत होती. तिला स्वतःचीच लाज वाटली.

“मी नाय म्हणणार तसं,” ती म्हणाली. रागात तिच्या तोंडी गावची बोली यायची. “तुमचा चीक आंबला तर मला सांगू नका. ज्यानं कुलूप घातलं, त्याचं दार वाजवा.”

तिनं घमेलं उचललं आणि पुढच्या गॅलरीत गेली. दोरीवरचे धोंडीरामचे शर्ट काढून आत फेकले. सातही रोहूंच्या शेपटीला सुतळी बांधली आणि रस्त्यावरून दिसतील असे ओळीनं टांगले. वर फडकं टाकलं नाही. माश्या वारायला वर्तमानपत्राची घडी घेऊन तिथंच बसली.

अर्ध्या तासात खाली सायकली थांबायला लागल्या. कोठावदे किल्ली हातात घेऊनच गॅलरीखाली धावत आले.

“वहिनी, आधी ते उतरवा! ही घ्या गच्चीची किल्ली. सोसायटीच्या तोंडावर हे काय? लोक काय म्हणतील?”

चांगुणा खाली गेली. किल्ली घेतली, वर जाऊन वत्सलाबाईंच्या हातात ठेवली, “घाला कुरडया,” म्हणाली आणि परत येऊन गॅलरीत बसली. मासे होते तिथंच होते.

“अहो, किल्ली दिली ना!” कोठावदे खालून कळवळले.

“दिली की. गच्ची समद्यांची, अन् ही गॅलरी माझी. लोकांनी इचारलं तर खुशाल सांगा, गांगुर्ड्यांचे मासे हायेत. चोरीचे नाय.”

धोंडीराम मागं दारात उभा होता. खालच्या गर्दीत प्रेसमधले दोघं-तिघं त्याला दिसले, त्यांनाही तो दिसला. तो आत गेला. चांगुणाला वाटलं, दार लावून घेणार. पण तो स्टूल घेऊन बाहेर आला, रस्त्याकडं तोंड करून तिच्या शेजारी बसला आणि म्हणाला,

“तो तिसरा जरा फिरव. त्याला आतून ऊन लागत नाय.”