जेवणानंतरची गोळी

आमचे दोन गर्भ गेले. गेले म्हणजे डॉक्टरांनी गर्भाशयात सोडले आणि ते रुजलेच नाहीत. आता गोठवून ठेवलेला एकच उरला होता, आणि माझं वय एकोणचाळीस.

तो शेवटचा सोडण्याआधी बेळगावच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, एक तपासणी करू. गर्भाशयाचं अस्तर ठरावीक तासच गर्भ धरायला तयार असतं, आणि एखादीची वेळ थोडी मागेपुढे असते. पाच दिवस गोळ्या घ्यायच्या, सहाव्या दिवशी अस्तराचा बारीकसा तुकडा काढून तपासायचा. गोळ्या सकाळ-संध्याकाळ, जेवणानंतर.

तिसऱ्या दिवशी पौर्णिमा आली. माझ्या सासूबाई, सुलाबाई, ज्यांना मी आत्या म्हणते, निपाणीच्या तंबाखू वखारीत राबत होत्या तेव्हापासून पौर्णिमेला अष्टशील, म्हणजे बौद्धांचे आठ नियम, पाळतात. पांढरं लुगडं, विहारात वंदना, आणि दुपारी बारानंतर अन्नाचा कण नाही. मी एरवी त्यातली नव्हे, पण बुडत्याला काडीचा आधार. या पौर्णिमेला मीही पाळलं. संध्याकाळी गोळी हातात घेतली तर पाकिटावर लिहिलेलं, जेवणानंतर. जेवणच नाही तर गोळी कसली, असं आम्ही दोघींनी ठरवलं. मी बी.एस्सी. बी.एड., शाळेत विज्ञान शिकवते. अक्कल गहाण टाकायला शिक्षण आड येत नाही!

सहाव्या दिवशी बेळगावच्या कॅम्प भागातल्या दवाखान्यात सिस्टरनं विचारलं, "सगळ्या गोळ्या वेळेवर घेतल्या ना?" खरं सांगावं तर महिना फुकट. शिवाय दीपंकर, माझा नवरा, आईला फाडून खाणार. शेजारी आत्या बसल्या होत्या, हातातली पिशवी घट्ट धरून.

"घेतल्या," मी म्हणाले.

"न्हाय वो बाई," आत्या म्हणाल्या. "पुनवेची सांजची ऱ्हायली. माझ्यामुळं ऱ्हायली."

डॉक्टरबाई बाहेर आल्या. रागावल्या नाहीत, पण तुकडा काढलाच नाही. "गोळी चुकली की अस्तराचं घड्याळच चुकतं. आज तपासलं असतं तर खोटी वेळ हाती आली असती, आणि त्या वेळेवर आपण शेवटचा गर्भ सोडला असता."

बाहेर थांबलेल्या दीपंकरला हे कळलं आणि तो आईवर ओरडलाच. आत्या खाली मान घालून उभ्या. मला राहवलं नाही. "त्यांना का बोलतोस? खोटं मी बोलले. त्यांनी वाचवलं!" तो गाडी काढायला गेला. गाडीत मी आत्यांना विचारलं, "कशाला सांगितलंत? बोलणी तुम्हालाच बसली ना?"

"बसू देत गं. खोटं न बोलायचं हे बी शीलच हाय."

पुढच्या महिन्यात पौर्णिमा पुन्हा गोळ्यांच्याच दिवसांत आली. संध्याकाळी आत्यांनी स्वतः उपाशी राहून मला ताट वाढलं, आणि मी गोळी गिळेपर्यंत समोरून हलल्या नाहीत. या वेळी तुकडा काढला. दुखलं, पण ते चालतं.

अहवाल तीन आठवड्यांनी आला. माझं अस्तर इतर बायकांपेक्षा बारा तास उशिरा तयार होतं. डॉक्टरबाईंनी कागदावर आकडे मांडून समजावलं, गोळ्या आता आदल्या संध्याकाळपासून सुरू करायच्या. यशाची खात्री कुणी देत नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं.

आत्या सगळं लक्ष देऊन ऐकत होत्या. मग त्यांनी विचारलं, "म्हंजे आदले दोघं लवकर आलते, व्हय?"

"तसं असू शकेल," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"आणि आमी हिच्याच अंगात खोट हाय म्हणत बसलो." त्यांनी माझा हात हातात घेतला. "चुकलं गं माझं, पोरी."

तीन वर्षांत सुया टोचताना, दोनदा नकाराचा फोन घेताना मी रडले नव्हते. तिथे मात्र डॉक्टरबाईंच्या टेबलावर डोकं टेकून रडले, आणि आत्यांनी मला रडू दिलं.