रंगमहाराजांची लाल रिळं

"चार... पाच... सहा!" दाजींच्या शिलाईच्या दुकानात माणसं मशिनींवर चढून बघत होती. चाळीस रिळांच्या ढिगातून माझ्या भाच्यानं सहाच्या सहा लाल रिळं उचलली आणि बायकांनी हात जोडले. महिन्यापूर्वी नर्सबाईंच्या साठ डगल्यांवर लाल दोऱ्याऐवजी हिरवा दोरा चालवणारा पोरगा तो हाच!

"सात दिवस मंतरलेलं पाणी पाजलं आणि डोळ्यांत रंग उतरला!" रंगमहाराज गरजले. "पण मूळ शाप पोरीत आहे. या घराण्यात तो बाईच्या पोटातून वाहतो. पोरीला जन्मभर आश्रमात ठेवा, तरच पुढची पिढी वाचेल."

पोरगी म्हणजे माझी भाची. माळ्यावरच्या कापडाच्या खोलीत अकरा दिवस कोंडलेली. खिडकीला गज, दाराला कुलूप, किल्ली दाजींच्या खिशात. संध्याकाळी महाराजांची गाडी तिला न्यायला येणार होती. सकाळी मी दाराशी गेलो तर आतून म्हणाली, "मामा, सगळे खालीच आहेत ना? मग कुणी वर का येत नाही?" मला स्वतःची लाज वाटली.

मी शाळेत विज्ञान शिकवतो, आणि मलाही जन्मापासून लाल-हिरवं कळत नाही. म्हणूनच एक गोष्ट मला खटकली. भाचा प्रत्येक रीळ आधी नाकाशी नेत होता.

"हे काय रे?"

"महाराज म्हणाले, लाल रंगाला सुगंध असतो. बरं झालेल्यालाच येतो." बिचारा मनापासून बोलत होता.

"मग मलाही तपासा की," म्हणत मी पुढे झालो. त्या पाण्याचा एक थेंबही मी घेतला नव्हता. तरी भाच्यासारखीच हुंगून सहाही रिळं उचलून दिली. वाटलं, आता बाबाचं पितळ उघडं पडलं.

कसलं काय! "मामासुद्धा बरे झाले! नुसत्या दर्शनानं!" महाराज ओरडले. टाळ्या पडल्या. दाजींनी तर पायांवर लोटांगणच घातलं. मी बोलायला लागलो की लोक मलाच नमस्कार करत. बाहेर पडायला वाटच ठेवली नव्हती मेल्यानं.

मग मी ताईला, म्हणजे पोरांच्या आईला, पुढे ओढलं आणि तिच्या डोळ्यांवर अस्तराचा काळा तुकडा बांधला. "आता लाल रीळ दे."

"वेड लागलंय का तुला? डोळे बांधून रंग दिसतो होय?"

"वास घे."

तिनं एक रीळ हुंगून ठेवलं, मग दुसरं. चौथ्याला थांबली. "याला लवंगेचं तेल लागलंय." डोळ्यांवरची पट्टी काढली तर हातात लाल रीळ! मग ती रिळं दुकानभर नाकांवरून फिरली. भाच्यासमोर मी खोक्यातली कोरी रिळं ठेवली. त्याला एकही ओळखता येईना. तो हमसून रडला. त्याचं मला फार वाईट वाटलं.

महाराजांनी झोळी आवरली, पण दारातून फणकारलेच, "विचारा तुमच्या मास्तरला, बाईकडूनच येतं की नाही!"

दाजींनी खिसा दाबून धरला. "खरं सांग. येतं?"

नाही म्हटलं असतं तर दार लगेच उघडलं असतं. पण एक खोटं काढून दुसरं कसं घालायचं?

"येतं," मी म्हणालो. ताईनं मान खाली घातली. मी टेबलावर दोन रिळं शेजारी ठेवली. "बाईकडे एक्स गुणसूत्रांची अशी जोडी असते. आमच्या आईच्या जोडीतल्या एकात रंग ओळखण्याचा गुण बिघडलेला होता. बीजांड तयार होताना जोडी फुटते, एकच पुढे जातं. कुठलं, ते ना बाई ठरवते, ना बाबा. मुलाला आईकडून एकच एक्स मिळतं. ते बिघडलेलं निघालं की झाला माझ्यासारखा. मुलीला वडिलांचंही मिळतं, म्हणून ताईकडे ते बिघडलेलं येऊनही तिला सगळे रंग दिसतात. पोरीकडे ते आलं असण्याची शक्यता निम्मी. आलं असलं, तरी तिच्या प्रत्येक मुलाला पुन्हा निम्मीच."

"म्हणजे तिला कोंडलं तर थांबेल ना?"

"तिच्यापुरतं थांबेल की! आमच्या आईला कोंडलं असतं तर तेव्हाच थांबलं असतं. मी नसतो, ताई नसती, तुमची दोन्ही लेकरंही नसती. बोला दाजी, चाललं असतं?"

दाजींचा हात खिशावरून खाली आला. ताईनं सरळ त्यांच्या खिशात हात घातला, किल्ली काढली आणि जिना चढली.

भाची डोळे चोळत खाली आली. "मामा, माझ्यात आहे का ते?"

"माहीत नाही गं."

"असू दे," ती म्हणाली आणि रडणाऱ्या भावाशेजारी बसली. पेन्सिल घेऊन एकेका रिळावर रंगाचं नाव लिहायला लागली.

वाचकहो, या दोषाला अजून औषध नाही, आणि पेन्सिलीनं भागतं. घरात असं काही दिसलं तर डॉक्टरला विचारा, शाळेतल्या मास्तरला विचारा. पण लेकीला कोंडायला सांगणाऱ्याला आधी घराबाहेर काढा.