रतनबाईचा पुरा सामना

येळवशीच्या दिवशी घाटनांदूरच्या शिवारात कुणी बांधावर उभं राहून हात हलवला, की त्याचा एकच अर्थ होतो : या, जेवायला या. रतनबाईला हे ठाऊक नव्हतं असं नाही. गावात असेल त्या प्रत्येक वर्षी तीही त्या दिवशी असाच हात हलवत आली होती. पण यंदा तिच्या डोक्यात दुसरंच काही होतं, आणि सगळा घोळ तिथंच झाला.

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावास्या. त्या दिवशी गावात कुणी राहत नाही, सगळे शेतात. ज्वारीच्या कडब्याची कोप उभी करायची, आत पाच दगडांना चुना लावून मांडायचे, पूजा करायची आणि मग दिवसभर खायचं, खाऊ घालायचं. शेंगादाण्यांची, पालेभाज्यांची ती घट्ट भज्जी, बाजरीच्या पिठाचे वाफवलेले उंडे आणि मडकंभर आंबट-गार आंबील. रस्त्यानं जाणारा ओळखीचा असो नसो, त्याला रिकाम्या पोटी जाऊ द्यायचं नाही.

यंदा नेमक्या याच दिवशी तिकडं कोल्हापुराकडं बुरूज तालमीच्या फुटबॉल टीमचा सेमीफायनल होता. अकरा वाजता. जिंकली तर चार वाजता लगेच फायनल.

रतनबाईचा आणि फुटबॉलचा संबंध कसा, हे गावात कुणालाच नीट कळलेलं नव्हतं. ती आणि तिचा नवरा आप्पाराव चौदा हंगाम तिकडं ऊसतोडीला गेले. टोळीच्या खोपट्या पडायच्या त्या माळाला लागूनच मैदान होतं. पहिल्या वर्षी रतनबाईनं भाकरी थापता थापता नुसतं पाहिलं. दुसऱ्या वर्षी निळ्या बनियनवाली बुरूज तालीम तिला आपली वाटायला लागली. का, ते तिला सांगता आलं नसतं. ती सारखी हरायची, म्हणूनही असेल. पण चौदा वर्षांत तिनं एकही सामना पुरा पाहिला नाही. खेळ रंगात आला की मुकादमाची शिट्टी वाजायची : ट्रॅक्टर आला, मोळ्या भरायला चला. निकाल दुसऱ्या दिवशी दूधवाला सांगायचा.

दोन वर्षांपूर्वी गुडघ्यांनी जाणं बंद केलं. आता तिकडं मुलगा आणि सून दीपमाला जात होते. काल दीपमालानंच फोनवर सांगितलं होतं, "आत्या, मोबाइलवर दिसतंय बरं का. पुरा बघा."

रतनबाई पहाटे तीनला उठली. पंचवीस माणसांचा स्वयंपाक केला, पाट्या डोक्यावर घेऊन शेतात आली आणि नवऱ्याला म्हणाली, "अवो, अकराला अन् चारला मला कुणी हाक मारायची न्हाई."

"कावून? कलेक्टर येणार हाय का?"

"बुरूज तालीम हाय."

"येळवशीला?" आप्पारावनं डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली. काही सुचलं नाही की तो असंच करायचा.

कोपीत मोबाइलला रेंज नव्हती. विहिरीवर नव्हती. अख्ख्या चार एकरांत रेंज होती ती फक्त रस्त्याकडेच्या बांधावर, बाभळीखाली. रतनबाई तिथं जाऊन उभी राहिली. एका हातात मोबाइल, दुसरा मोकळा. बुरूजचा एक पोरगा चेंडू घेऊन निघाला आणि रतनबाईचा मोकळा हात आपोआप हलायला लागला : पुढं, पुढं, अजून पुढं!

रस्त्यानं जाणारी मोटारसायकल कचकन थांबली. दोघं उतरले.

"एवढं अगत्यानं बोलावलं मावशी, तर कसं जावं पुढं?"

आता त्यांना नाही कसं म्हणायचं? रतनबाईनं त्यांना कोपीशी नेलं, पत्रावळी मांडल्या, वाढलं आणि परत बांधावर आली. बुरूजनं एक गोल केला होता. तो तिनं पाहिला नव्हता.

पाच मिनिटांनी बुरूजच्या गोलकीपरनं चेंडू हातातून सोडला, गोल होता होता राहिला. रतनबाईनं कपाळाला हात लावला आणि मग तोच हात वर करून त्याला शिव्या घातल्या. रस्त्यावरचा टेम्पो थांबला. आतून सहा माणसं उतरली.

"वहिनी," कोपीतून नणंद मनकर्णा ओरडली, "पाहुणे ताटकळलेत अन् तू तिथं हात नाचीवतीस व्हय?"

दुसरा गोल आंबील ओतताना गेला, तिसरा उंडे कुस्करताना. कुणी कुणाला मारला, देव जाणे. शेवटी दोन मिनिटं उरली तेव्हा रतनबाईनं मोकळा हात पदरात घट्ट बांधून घेतला आणि डोळे मोबाइलवर रोवले. तेवढ्यात चित्र गेलं आणि घंटी वाजली. दीपमालाचा फोन.

"आत्या, जिंकलो! दोन-एक!"

"अगं माझे बाई, माझ्या मोबाइलात आजून दोन मिनटं बाकी हायत!"

"तुमच्याकडं उशिरा दिसत असंल. म्हणून तर आधी सांगितलं."

रतनबाईला आनंद करावा की फोन विहिरीत टाकावा ते कळेना. तिनं फोन कमरेला खोचला आणि उष्ट्या पत्रावळी गोळा करायला गेली.

दुपारी तिनं विचार केला. बांधावरून हटता येत नाही, तर रस्त्याकडं पाठ करून बसायचं. हात दिसणारच नाहीत. साडेतीनला तिनं तसं बसून पाहिलं. दहा मिनिटं कुणी थांबलं नाही. अकराव्या मिनिटाला शेजारच्या शेतातले मोहनराव बांध ओलांडून आले, पण ते सरळ आप्पारावाकडं गेले.

"काय बे आप्पा, सणाच्या दिवशी बायकू रुसवली? सगळं शिवार बघतंय. ती बघ, तोंड फिरवून बसलीय."

"रुसली न्हाई, मोहनराव. चेंडू बघतीय."

"झाकू नको. आधी तिची समजूत काढ."

मग मोहनरावांनी रतनबाईची समजूत काढली. संसारात भांड्याला भांडं लागतंच, आप्पाराव मनाचा वाईट नाही, असं बरंच काही. रतनबाई दात आवळून ऐकत राहिली. मोबाइलवर चाराला पाच कमी झाले होते. ती उठली, कोपीशी गेली, आंबिलाच्या मडक्यातली पळी काढली आणि आप्पारावाच्या हातात दिली.

"आता तुमी वाढा."

"मी?" त्याचा हात टोपीकडं गेला, पण हातात पळी होती.

"बया!" मनकर्णा म्हणाली. "बापाजन्मी आमच्यात गडीमाणसानं येळवशीला वाढलं न्हाई."

"मग आज वाढतील," रतनबाई म्हणाली आणि बांधावर गेली.

पहिली शिट्टी तिनं ऐकली. स्वच्छ, बारीक, लांबट. पहिला अर्धा खेळ बिनगोल गेला. पाहुणे येत होते, आप्पाराव भज्जीवरच आंबील ओतत होता, मनकर्णा कपाळ बडवत होती. रतनबाईनं मान वळवली नाही. दीपमालाचा फोन आला, तो तिनं कापला. सुनेचा फोन कापायची तिची ही पहिलीच वेळ. हाफटाइमला तिनं एक उंडा खाल्ला. सकाळपासूनचा तो पहिला घास होता.

दुसऱ्या अर्ध्यात समोरच्या पिवळ्या बनियनवाल्यांनी गोल केला, बुरूजनं फेडला. वेळ संपली तेव्हा एक-एक. आता टायब्रेकर. दोन्हीकडून पाच पाच फटके, समोर फक्त गोलकीपर. ज्याचे जास्त गोल तो जिंकला.

नेमकी तेव्हाच गावातल्या बजरंगची जीप थांबली. अंबाजोगाईहून येत होती, आत नऊ माणसं. आप्पाराव धापा टाकत बांधावर आला.

"अगं, नऊ जण हायत. आंबील तळाला गेली. पत्रावळी कुठं ठिवल्यात? भज्जी पुरंल का?"

"थांबाया सांगा."

"कुणाला?"

"पाहुण्यास्नी."

येळवशीला पाहुण्याला थांब म्हणणं त्या शिवारात कुणी ऐकलेलं नव्हतं. आप्पाराव तसाच उभा राहिला. मोबाइलमध्ये तेच मैदान दिसत होतं. पलीकडच्या माळावर त्यांची खोपटी असायची. मुकादमाची शिट्टी वाजली की या मैदानाच्या कडेला रतनबाईला बोलवायला यायचा, तो आप्पारावच. चौदा वर्षं. ती एकदाही काही म्हणाली नव्हती. खाली बघून उठायची आणि चालायला लागायची.

त्यानं पळी बांधावर ठेवली आणि जीपकडं गेला.

"बजरंग, खाली उतरा समदे. हितंच बसा बांधावर. शिट्टी वाजली की वाढतो."

"कुणाची शिट्टी, काका?"

"पंचाची. गप बस आता."

नऊ माणसं बांधावर ओळीनं बसली. काय चाललंय ते त्यांना कळत नव्हतं, पण जेवण त्यावर अडलंय एवढं कळलं होतं, त्यामुळं तीही वाकून बघायला लागली. एक-एक. दोन-दोन. बुरूजच्या गोलकीपरनं एक अडवला, लगेच पुढचा बुरूजनं बाहेर मारला. चार फटक्यांनंतर तीन-तीन. पिवळ्यांनी पाचवा मारला. मग बुरूजचा पाच नंबरवाला आला, चार पावलं मागं गेला, पळत आला. चेंडू खांबाला लागून परत मैदानात आला.

शिट्टी वाजली.

कोपीतून आलेली मनकर्णा म्हणाली, "हरली ना? मग दिसभर हे कशापायी?"

रतनबाई गुडघ्यावर हात टेकून उठली. डोळे पुसले की घाम, ते पदरालाच माहीत.

"हा मेला पाच नंबरवाला!" ती कडाडली. "सरळ मारायचं सोडून कोपऱ्यात कशाला गेला? गोलकीपर आधीच पडला होता! चला रं, पत्रावळ्या कोपीच्या मागं हायत, ह्यांना एवढंबी दिसत न्हाई. बसा."

तिनं बांधावरची पळी उचलली. आप्पारावानं दोन्ही हातांनी टोपी नीट केली.

बजरंगला वाटलं, काकूला बरं वाटावं म्हणून काहीतरी विचारावं. "पर काकू, एक-एक झालं कसं?"

"एक-एक?" रतनबाईची पळी मडक्यावरच थांबली. "एक-एक लई पुढची गोष्ट हाय. आधी पहिली शिट्टी ऐक."

आणि तिनं पहिल्या शिट्टीपासून सांगायला घेतलं. दिवस मावळला, नऊ पत्रावळींवरची भज्जी गार झाली, तरी हाफटाइमसुद्धा झाला नव्हता.