सकाळपासून लघवी नाही

दुपारी दोन वाजता पुढच्या ड्युटीच्या नर्स सत्यभामाताई वॉर्डात आल्या आणि माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "सांगा सिस्टर."

बारा दिवस आम्ही कामापुरतंच बोलत होतो. त्या वर्षी धरण तळाला गेलं होतं आणि शहर मात्र चहूकडं वाढत होतं. आमच्या भागात सहा दिवसांनी नळ यायचा, त्यांच्याकडं आठ. वॉर्डातल्या सगळ्या नर्सेस पाण्याच्या दिवसाप्रमाणं ड्युट्या बदलून घ्यायच्या. पाणी भरायला त्यांनी एका सकाळची ड्युटी बदलून मागितली होती. मी नाही म्हटलं. तेव्हापासून त्यांच्या तोंडी मी 'करुणा' राहिले नाही, 'सिस्टर' झाले.

मी एकेका बेडची माहिती देत गेले. नऊ नंबरला पारूबाई, सत्तरीच्या, हृदय कमजोर, लघवीची नळी घातलेली. "सकाळपासून लघवी नाही," मी म्हणाले. तक्त्यातही तेच होतं. एकच्या राउंडला डॉक्टरांनी तो तक्ता बघूनच सलाइनची बाटली वेगानं द्यायला सांगितली होती. ती मी स्टँडला लावली होती, फक्त सुरू करायची राहिली होती.

सत्यभामाताई वाकल्या. खाटेला अडकवलेली पिशवी त्यांनी उजेडाकडं वळवली. सहाशे मिली.

"नाय झाली म्हणती, ती कुणाला?" त्या हळू आवाजात म्हणाल्या. "हिला का तुला?"

झाली नव्हती ती मलाच. टाकी भरेपर्यंत स्टाफचं बाथरूम कुलपात असायचं, म्हणून ड्युटीवर आम्ही कुणी पाणीच पीत नसू. दोन दिवस जळजळ होती, अंगात कणकण होती. साडेबाराला तक्ते भरताना पारूबाईंच्या रकान्यात मी स्वतःचं लिहिलं होतं.

ती बाटली गेली असती तर बाईंच्या फुप्फुसात पाणी झालं असतं. आणि सोमवारी माझं कंत्राट नवं व्हायचं होतं. मला आधी आठवलं ते कंत्राट.

"ताई, इनचार्ज मॅडमना सांगू नका. मी आत्ता खोडते."

"खोडू नको. एक रेघ मार, खरा आकडा लिही, सही कर, वेळ टाक. अन् डॉक्टरला तू सांग. मी नाय सांगणार."

"कंत्राट गेलं तर?"

"जाईल नाय तर राहील. म्हातारी तर राहील."

पारूबाईंनी डोळे उघडले. "काय झालं गं पोरींनो?"

"काय नाय मावशे. तुमची लघवी हरवली होती, सापडली."

मी डॉक्टरांना फोन केला. झालं ते सांगितलं. ते म्हणाले, "बाटली काढा. आणि लेखी द्या, सिस्टर."

मी उभ्याउभ्याच चार ओळी लिहिल्या. कारण म्हणून लिहिलं, थकवा.

सत्यभामाताईंनी वाचलं. "थकवा काय लिहिती? थकल्या तर सगळ्याच हायेत. बाथरूमला कुलूप हाय, ते लिही."

कागद सोमवारच्या आत मॅडमच्या टेबलावर जाणार होता. मी 'थकवा'वर एक रेघ मारली. मग लिहिलं. त्यांनी कागद ओढून घेतला आणि माझ्या सहीखाली आपली सही केली. त्यांचंही कंत्राट सोमवारीच होतं.

"हां," त्या म्हणाल्या, "आता दहा नंबर."