बोट लावताच पडणारा पैलवान

१९९४ च्या जानेवारीतल्या त्या रविवारी अमेरिकेतल्या ॲन आर्बरमधले आम्ही सगळे मराठी लोक एका शाळेच्या जिममध्ये जमलो होतो. बास्केटबॉलच्या जाळीखाली जगन्नाथ महाराज उभे होते. वय साठीचं, अंगकाठी काटकुळी. समोर धिप्पाड गोरा पैलवान. 'मला कुणीही पाडून दाखवा' हे महाराजांचं जाहीर आव्हान वाचून तो म्हणे आपणहून आला होता.

"बळ दंडात नसतं, नाभीत असतं," असं म्हणून महाराजांनी त्याच्या छातीला बोट लावलं. पैलवान धाडकन आडवा. दोन डॉक्टरांनी आणि एका प्राध्यापकाने हात जोडले.

मग महाराजांनी आमच्यातल्या सुमंतकाकांच्या छातीला बोट लावलं. मंगळवारी काकांची बायपास होती.

"ब्लॉकेज सुटलं," महाराज म्हणाले.

"उद्या सर्जरी कॅन्सल करतो," काका बायकोला म्हणाले. रेखाकाकूंचा चेहरा उतरला.

काकूंच्या शेजारी नागपूरची प्रणिता होती. शंभर वर्षांपूर्वीच्या अमेरिकन कुस्तीवर ती पीएच.डी. करत होती.

"काकू, हा जुनाच खेळ आहे," ती म्हणाली. "तेव्हा पैलवान गावोगाव आव्हान द्यायचे. गर्दीतून कुणी अनोळखी उठायचा आणि हरायचा. पुष्कळदा तो त्यांचाच माणूस असायचा."

काकू उठून पुढे गेल्या. "महाराज, मला पाडा."

महाराजांनी कपाळाला बोट लावलं. काकू उभ्याच. पुन्हा, जरा जोरात लावलं. काकू उभ्याच.

"तुमची श्रद्धा नाही, बाई."

"आणि या पैलवानाची आहे? त्याला तुमचं नाव तरी घेता येतं का?"

पैलवान बुटाची नाडी सोडत बसला होता. त्याला मराठी कळत नव्हतं. काका ऑपरेशन रद्द करताहेत, हे प्रणिताने त्याला इंग्रजीत सांगितलं. त्याचे हात थांबले.

"मॅडम, पडणं हा माझा धंदा आहे," तो म्हणाला. "हे मला घेऊन फिरतात. पण त्या गृहस्थांना ऑपरेशन करून घ्यायला सांगा. माझ्या वडिलांनी टाळलं होतं."

प्रणिताने ते मराठीत सांगितलं. महाराज शाल गोळा करू लागले. काकांनी खुर्चीवरचा कोट उचलला. मग म्हणाले, "रेखा, गाडी काढ."

मंगळवारी ऑपरेशन झालं. काका आजही आमच्यात आहेत.

पैलवान ठरवून पडू शकतो. तुंबलेली रक्तवाहिनी ठरवून मोकळी होत नाही. म्हणून कुणी चमत्कार दाखवला, तर तो आपण निवडलेल्या माणसावर करून दाखवायला सांगावं. खरा असेल तर त्याचं त्यात काहीच बिघडणार नाही.